काटेरी अननस ही वेगळी जात नव्हे

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गाभा असा: पानांना काटे असलेला गावठी अननस म्हणजे ‘अननस सटायव्हस’, आपली मूळ देशी जात. बिनकाटेरी मोठा अननस म्हणजे ‘अननस कोमोसस’, परदेशी संकर. शेंडा नसलेला आणि लाल शोभेचा, या आणखी दोन जाती. आणि शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. याच जोरावर ‘मूळ जातीचे’ फुटवे चढ्या भावाने खपवले जातात. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

सटायव्हस आणि कोमोसस ही दोन झाडं नव्हेत, एकाच झाडाची दोन नावं आहेत. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये अननसाला ‘ब्रोमेलिया अननस’ म्हटलं. पुढच्याच वर्षी, अंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियसच्या वर्णनाच्या आधारे ‘ब्रोमेलिया कोमोसा’ हे नाव आलं. मग अननस ही स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानली गेली. सगळ्यांत जुनं नाव धरायचं तर ‘अननस अननस’ झालं असतं, पण प्रजातीचंच नाव जातीला लावायला वनस्पतिशास्त्राच्या नियमांत मनाई आहे. प्राण्यांना ते चालतं, झाडांना नाही. त्यामुळे कोमोसाचा नंबर लागला आणि १९१७ मध्ये मेरिलने ‘अननस कोमोसस’ हे नाव दिलं. सटायव्हस हे १८३० चं, म्हणजे कोमोसाच्या बऱ्याच नंतरचं, म्हणून ते मागे पडलं. या सगळ्यात काट्यांचा प्रश्न कुठेच आलेला नाही.

आता काट्यांकडे वळू, कारण खरी फसगत तिथेच होते. बिनकाटेरी म्हणून आपण लावतो त्या क्यू अननसाचं पान हातात घ्या आणि कडेवरून बोट अलगद टोकापर्यंत न्या. टोकाजवळ बारीक काटे लागतात. ज्या वाणगटातला हा क्यू, त्या केयेनच्या मळ्यात अधूनमधून एखादं झाड पूर्ण काटेरी निघतं, तेही बी न लावता, नुसत्या फुटव्यांतून. काटे असणं-नसणं ही मोजक्या जनुकांची गोष्ट आहे. तेवढ्यावरून जात ठरत नाही. क्वीन हा दुसरा वाण काटेरी, फळ लहान, डोळे खोल, गर पिवळाधमक. क्यूचं फळ मोठं, डोळे चपटे, गर फिकट आणि रसाळ. फरक खराच आहे, पण तो हापूस आणि पायरीतला फरक. हे दोघे शेजारी लावले आणि परागण झालं तर बी धरतं. एकट्या क्यूच्या किंवा एकट्या क्वीनच्या मळ्यात मात्र बी सहसा मिळत नाही, कारण अननसाला स्वतःच्याच वाणाचा पराग चालत नाही.

क्यू हा आधुनिक संकर आहे, हेही खोटं. त्याचे पूर्वज पेरोटे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये फ्रेंच गयानातून फ्रान्सला नेले, आणि तो वाण त्याआधीच तिथल्या आदिवासींनी निवडून जोपासलेला होता. ‘देशी’ तर दोघांपैकी कोणीच नाही. अननस दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. जहांगीरनेही आपल्या आठवणींत हे फिरंग्यांच्या बंदरांतलं फळ असल्याचं लिहिलं आहे.

शेंडा नसलेल्या फळावरून ‘मॉन्स्ट्रोसस’ नावाची जात एकेकाळी खरोखरच मांडली गेली होती. पण शेंडा न येणं हा टिकाऊ गुण नाही, म्हणून ती टिकली नाही. मुळातच शेंडा नसलेली खरी वेगळी जात एकच, ‘मॅक्रोडॉन्टेस’. ती जमिनीतून धावते फुटवे टाकत पसरते आणि तिची गुणसूत्रं १००, म्हणजे अननसाच्या ५० च्या दुप्पट.

लाल शोभेच्या अननसाचा प्रश्न खरा अवघड आहे. १९७९ च्या स्मिथ आणि डाउन्स यांच्या मांडणीत दोन प्रजातींत मिळून नऊ जाती होत्या आणि ‘ब्रॅक्टिएटस’, म्हणजे हा लाल अननस, ही त्यांतली एक. २००३ मध्ये कॉपेन्स आणि लेआल यांनी हे सगळं एका प्रजातीत, दोन जातींत आणि कोमोससच्या पाच उपप्रकारांत बसवलं. त्यांचं मुख्य कारण असं, की हे प्रकार एकमेकांत सहज संकरतात आणि त्यांची संकरित रोपं वांझ नसतात. काही अभ्यासक आजही यांतल्या काही जाती वेगळ्या मानतात, आणि त्यात गैर काही नाही. मला स्वतःला २००३ ची मांडणी पटते.

इतकी नावं झाली कशी? अननस वाळवून कागदावर चिकटवणं महाकठीण: पानं जाड, काटेरी, फळ पाण्याने भरलेलं. त्यामुळे वनस्पतिसंग्रहांत चांगले नमुने कमी, आणि कित्येक वर्णनं युरोपातल्या काचघरांतल्या एखाद्या झाडावरून झाली. पुढे जंगलातली झाडं पाहिली गेली, संकर करून बघितले गेले, जनुकं तपासली गेली, तेव्हा जास्तीची नावं गळाली. मजकूर ज्याला मनमानी म्हणतो ती ही दुरुस्ती आहे. जुनी नावंही फेकून दिली जात नाहीत. ती कोणत्या झाडाची होती याची नोंद राहते, म्हणूनच सटायव्हस म्हणजे कोण हे आज ठामपणे सांगता येतं.

माड-पोफळीत यंदा अननस लावणार असाल तर ‘मूळ सटायव्हस’चे जादा पैसे देऊ नका. क्वीन हवा की क्यू ते ठरवा, विकणाऱ्याकडे मातृझाडाचं फळ मागा आणि त्याचे डोळे खोल आहेत की चपटे ते बघून फुटवे घ्या.