कुणी सोडणार असलं तर

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोल्हापूरच्या हद्दवाढीवरनं परत जुंपली. नेहमीचंच आहे ते, १९७२ ला महापालिका झाली, पन्नास वर्षं होऊन गेली आणि हद्द अजून तिथंच, गावं म्हणतात आम्हाला तुमची घरफाळ्याची पावती नको, शहर म्हणतं आमचं पाणी, आमचे रस्ते, आमची केएमटीची बस वापरता आणि आत मात्र यायला नको. मग एकानं टाकलं, "ज्या गावांना हद्दवाढ नको त्यांची केएमटी बंद करा, चार दिवसांत सरळ येतील." खाली धडाधड अंगठे. दुसऱ्यानं त्यावर कडी केली, तशी पण तोट्यातच आहे, सगळीच बंद करा आणि त्या पैशात पार्किंग बांधा.

कोल्हापुरात संध्याकाळचे सहा वाजलेले, माझ्याकडं सकाळचे साडेसात. मी बसची वाट बघत बर्फाच्या ढिगावर उभा होतो. ढिगावर म्हणजे खरंच ढिगावर. रात्रभर बर्फ पडला की पहाटे नांगरासारखं पातं लावलेले ट्रक येतात आणि रस्ता साफ करून सगळा बर्फ कडेला ढकलतात, आणि कडेला काय असतं तर आमचा बसस्टॉप. स्टॉप म्हणजे नुसता एक खांब आणि वर नंबराची पाटी, ना छप्पर ना बाकडं. सहा पदरी रस्ता काळाभोर चकचकीत आणि बसवाला माणूस गुडघाभर ढिगावर खांबाला धरून उभा. ग्लोव्ह काढून त्या मेसेजला उत्तर टाइप करायला घेतलं, बोटं बधिर झाली, राहू दे म्हटलं. ते उत्तर आता इथं लिहितोय, लांबलंय जरा.

मी राहतो कोलंबसला, अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी, वस्ती नऊ लाखांच्या वर म्हणजे कोल्हापूरच्या दीडपट तरी. या शहरात प्रवासी रेल्वे नाही. १९७९ ला शेवटची गाडी गेली ती गेलीच. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात १८९१ ला रेल्वे आली हे मी इथं कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं मी फेकतोय. लोकल नाही, मेट्रो नाही, जे काय आहे ते बस. आणि मी गेली सात वर्षं इथं गाडीशिवाय राहतोय. या देशात शंभरातल्या साधारण आठ घरांत गाडी नसते, त्यातला मी एक.

तत्त्व वगैरे काही नाही हो त्यात. लायसनच्या टेस्टला दोनदा नापास झालो. ओहायोत टेस्टला रस्त्यावर चालवून दाखवायचं असतंच, शिवाय पाच खांब लावलेले असतात, चार खांबांची नऊ फूट बाय वीस फुटांची चौकट आणि पाचवा पुढं वीस फुटांवर एकटा. चौकटीतनं निघून त्या एकट्या खांबाच्या बाजूनं पुढं जायचं, थांबायचं आणि आलो तसंच रिव्हर्स घेत परत चौकटीत. पहिल्या वेळी इतका अडखळलो की मार्क पुरले नाहीत, दुसऱ्या वेळी खांब आडवाच केला, खांब पडला की विषय संपला. नवरात्रात महाद्वार रोडवरनं स्प्लेंडर काढलेला माणूस मी, गाय, हातगाडी, हळदीकुंकवाचं ताट घेतलेल्या बायका, कुणाला धक्का नाही, आणि मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकच्या खांबाला ठोकली. तिसऱ्यांदा जायचं राहिलं, मग ऑफिस बसच्या रूटवर होतं म्हणून घर पण रूटवरच घेतलं, मग इन्शुरन्सचा आकडा बघितला, आणि असं करत करत सवय लागली.

ऑफिस, किराणा, दवाखाना, सगळं बसनं जमतं, वेळ लागतो एवढंच. अडतं कुठं तर माणसांपाशी. इथले आपले लोक राहतात लांब उपनगरांत, डब्लिन, पॉवेल, वेस्टरव्हिल, मोठी घरं, चांगल्या शाळा, आणि माझ्या बसचा शेवटचा स्टॉप जिथं संपतो तिथनं पुढं त्यांच्या कॉलनीपर्यंत तीन-चार मैल, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ सुद्धा नाही. मंडळाचा गणपती तिकडं, दिवाळी तिकडं, कोजागरीचं दूध तिकडं. पॉवेलच्या देवळात नुसतं हात जोडून यायचं म्हटलं तरी उबरला जाऊन-येऊन साठ-सत्तर डॉलर. म्हणून आमंत्रण आलं की मी पहिलं कोण येणारंय हे विचारत नाही, राइड आहे का हे विचारतो.

ही राइड नावाची गोष्ट ज्यानं मागितली नाही त्याला कळायची नाही. लोक वाईट नाहीत, कुणी तोंडावर कधी नाही म्हटलं नाही. पण राइड घेतली की तुमची संध्याकाळ तुमची राहत नाही, ते निघतील तेव्हा निघायचं, ते थांबतील तोवर थांबायचं. एकदा पुरणपोळी नुकती पानात पडली होती, तोवर ज्यांच्याबरोबर आलो त्यांच्या पोराला ताप भरला, पोळी फॉइलमध्ये आणि मी मागच्या सीटवर चाइल्ड सीटच्या शेजारी अंग चोरून. आणि एकदा याच्या उलटं, निघू या निघू या म्हणत रात्री साडेबारापर्यंत. आपल्या लोकांचा निरोप दारात पाऊण तास चालतो हे सगळ्यांना माहितीच आहे, पण त्या पाऊण तासात मी कोट घालून, टोपी चढवून, अनोळखी माणसाच्या सोफ्याच्या कडेला टेकून बसलोय, घरात हीटर चालू, घाम फुटलाय, आणि दारात तिघं नवीन घराचे व्याजदर बोलतायत. तुम्ही काय म्हणणार, चला? गाडी त्यांची.

मग हळूहळू फोन कमी होतात. भांडण नाही, राग नाही. नंतर फोटो बघून विचारलं की म्हणतात, अरे तुला सांगायचंच राहिलं, म्हटलं तू कसा येणार. आणि हे ते मनापासून, काळजीनं म्हणतात. २०२३ मध्ये इथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे आरोग्याचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती, मूळ घर आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं, मंड्याकडचं, त्यांनी एकटेपणावर सरकारी इशारा काढला होता, माणसांत नसणं हे आयुष्याला दिवसाला पंधरा सिगरेटी ओढल्याइतकं घातक असू शकतं म्हणून. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो भरपूर फिरला, सगळ्यांनी हात जोडल्याच्या इमोजी टाकल्या. त्यातच माणसं जवळ यावीत म्हणून काय करावं त्यात लायब्ररी, बागा यांच्याबरोबर सार्वजनिक वाहतूक पण होती, तेवढं कुणी वाचलेलं दिसलं नाही.

आता एवढं रडगाणं गायलं तर दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. बसमध्ये मला जी माणसं भेटली ती गाडी असती तर जन्मात भेटली नसती. या शहरात भूतानमधनं हाकललेले नेपाळी बोलणारे लोक हजारोंनी आहेत, सोमाली लोक पण तसेच. रोज सकाळी एक ढाका टोपीवाले आजोबा चढतात, इंग्रजी शून्य, माझी नेपाळी शून्य, आम्ही हिंदीची वाट लावत बोलतो. वीस वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढली म्हणाले, मग इथं. त्यांना नातवाच्या शाळेतलं पत्र वाचून दाखवायचं काम माझं. एक सोमाली बाई आहेत, मी दोन दिवस दिसलो नाही तर तिसऱ्या दिवशी आजारी होतास का विचारतात. उतरताना मागच्या दारातनं सगळी बस ड्रायव्हरला ओरडून थँक्यू म्हणते. रविवारी मी नदीकाठच्या वाटेनं दोन तास चालत सुटतो, कुणी ओळखीचं भेटत नाही आणि खरं सांगू का, त्याचं मला सुख पण वाटतं. मी वाढलो मंगळवार पेठेत, तिथं घरातनं चप्पल घालून बाहेर पडलं की तालमीच्या कट्ट्यावरनं सुरू, कुठं चाललायस, कुणाकडं, एवढ्या उशिरा का. दुधाला गंगावेशीत गेलो तरी घरी पोचायच्या आधी घरच्यांना माहीत. माझी बहीण तर म्हणते की तिला पहिल्यांदा मोकळा श्वास आला तो अ‍ॅक्टिव्हा घेतल्यावर, कुणाच्या नजरेखालनं चालत जायची गरज उरली नाही. म्हणून गाड्या वाईट आणि जुनं सगळं सोन्याचं असं मी म्हणणार नाही. ज्याला घ्यायचीय त्यानं घ्यावी की.

पण आईचं काय?

वाटणी झाली, पेठेतलं घर विकलं आणि भावानं पाचगावच्या पलीकडं नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला. छान आहे, हवा आहे, गच्चीवरनं डोंगर दिसतो. ब्रोशरमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं, दोन कव्हर्ड पार्किंग. आमच्या आईला सायकल पण येत नाही. वय एकाहत्तर, गुडघे बोलतात. भाऊ-वहिनी सकाळी नऊला दोन गाड्यांवर बाहेर पडतात ते रात्री येतात. पेठेत आई दिवसातनं चारदा बाहेर पडायची, मिरजकर तिकटीपर्यंत भाजी, संध्याकाळी अंबाबाई, येताना दोन घरं, काही कारण लागायचं नाही. आता स्टॉप एक किलोमीटरवर, मधला रस्ता कडेला खडी पडलेला, डंपर जातात, चालायला जागा नाही. रिक्षा जाऊन-येऊन तीनशेच्या घरात, आणि तिच्या पिढीची बाई स्वतःसाठी तीनशे रुपये मोडत नसते. एसटीला अर्धं तिकीट झाल्यापासून नरसोबाच्या वाडीला जाऊन येईन म्हणते, पण स्टँडपर्यंत पोचणार कशी?

परवा फोनवर विचारलं, भिशीला गेली नाहीस का. म्हणाली, "बघू, कुणी सोडणार असलं तर जातो." आमच्याकडं बायका पण जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या वहिनीला अजून हसू येतं त्याचं. पण मला त्या दिवशी हसू आलं नाही, कारण हे वाक्य माझं होतं. तेरा हजार किलोमीटरवर बसून मी जे दर शनिवारी म्हणतो तेच ती म्हणत होती, ते पण स्वतःच्या गावात, जिथं तिला अर्धं शहर ओळखतं. मी निदान स्वतः निवडून आलोय इकडं.

म्हणून त्या पार्किंगवाल्याला माझं म्हणणं एवढंच आहे. पार्किंग बांधू नका असं नाही, अंबाबाईला येणाऱ्या गाड्या कुठंतरी लावाव्याच लागतील. पण बस तोट्यात आहे म्हणताना फुटपाथ नफ्यात आहे का, रस्त्यावरचा दिवा नफ्यात आहे का, ते पण विचार. आणि हद्दवाढीच्या भांडणात गावांना धडा म्हणून बस बंद करणार म्हणता, ग्रामपंचायतीत ठराव करणाऱ्यांच्या दारात स्कॉर्पिओ उभ्या आहेत रे. धडा मिळणार आईला, कॉलेजच्या पोरींना आणि धुण्याभांड्याला शहरात येणाऱ्या बायकांना.

यावर उत्तर काय येणार हे पण मला माहितीये, अमेरिकेत बसून शहाणपणा शिकवू नकोस. बरोबर आहे, शिकवायला अमेरिकेकडं या बाबतीत फारसं काही नाहीच. एकच सांगतो, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, सगळं जग ट्रम्प-हॅरिस बघत होतं तेव्हा, आमच्याकडं त्याच मतदानात एक प्रश्न होता, बस वाढवायला आणि फुटपाथ करायला विक्रीकर अर्धा टक्का वाढवू का. पास झाला. मत देणारे बहुतेक सगळे गाडीवाले, आयुष्यात बसमध्ये न बसलेले. मला शेवटपर्यंत वाटत होतं पडणार म्हणून. आणि कोल्हापूर तर रस्त्यावर उतरायला कुणाला हार जाणारं गाव नाही, एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर टोलविरोधात उतरलं, वर्षानुवर्षं चिवटपणे लढलं आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल घालवूनच थांबलं. मी पण एका मोर्चात होतो, घसा बसला होता. पण ते आंदोलन गाडीवाल्याच्या खिशाचं होतं, हे आता लांबनं बघताना कळतं. बससाठी तसा मोर्चा मी तरी बघितला नाही.

यातलं थोडंसं, चार ओळीत, मी शेवटी ग्रुपवर टाकलं. आईचं पण टाकलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, कुणीतरी फुटबॉलच्या मॅचचा व्हिडिओ टाकला आणि विषय गेला. पण रात्री त्या केएमटी बंद करा म्हणणाऱ्याचाच पर्सनलवर मेसेज आला, "भावा, सांगायचं नाहीस का आधी, काकूंना शुक्रवारी भिशीला मी सोडतो की, माझा रोजचा रस्ता हाय त्यो." माणूस सोन्यासारखा आहे, काय बोलणार, थँक्यू म्हटलं. लगेच आईला फोन लावला. खूश झाली, साडी कुठली नेसायची इथपर्यंत आली, आणि मग थांबून म्हणाली, "आणि परत कोण आणणार?"