एकवीसची लेन्स

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. ती कुणी काढली, तिचा अर्थ काय, जर्मनीला ती माहीत आहे का, असले प्रश्न कुणी विचारत नाही. मी मात्र ती नको तितकी मनावर घेतली आणि परभणीत बसून एक जर्मन डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा अन् त्यावर एक वाइड अँगल लेन्स घेतली. दोन्ही वापरलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसंच समजा; आणि उखाणा मला जमत नाही.

पार्सल फोडलं तेव्हा बायको शेजारी उभी होती.

"केवढ्याची हो ही?"

मी त्या वेळी लेन्सच्या कडेवर कोरलेला आकडा वाचत होतो. तोंडातून निघून गेलं, "एकवीसची."

"एवढ्याशा काचेला एकवीस हजार?"

एकवीस म्हणजे एकवीस मिलिमीटर, आणि लेन्सचा हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खोटं तर मी बोललो नव्हतो. 'नरो वा कुंजरो वा' म्हणून धर्मराज सुटले, मग परभणीच्या माणसाने का सुटू नये? खरी किंमत इथेही रुपयांत लिहीत नाही, कारण हा लेख घरात वाचला जाऊ शकतो. त्या वेळी मोंढ्यात सोयाबीनचा जो भाव चालू होता, त्या हिशेबाने ती लेन्स साधारण चाळीस क्विंटलला पडली, एवढंच सांगतो.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं दुःख कळणार नाही. साध्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्स जगाकडे बघते आणि आपण शेजारच्या खिडकीतून जगाकडे बघतो. एकाला काय दिसतं याच्याशी दुसऱ्याचा संबंध नाही. जुन्या वाड्यातल्या दोन भावांसारखं. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. रिंग फिरवून दोघांचा एक झाला की फोकस लागला. डोक्याला टेंगूळ आल्यावर जे फुकट दिसतं, ते इथे पैसे भरून बघायचं.

त्यात लेन्स पडली २१ ची. कॅमेऱ्याच्या खिडकीत एवढं रुंद दृश्य मावतच नाही. शिवाय लेन्सचं नळकांडं खिडकीच्या कोपऱ्यात डोकं घालतं. म्हणून फ्लॅश लावायच्या खाचेत वेगळा व्ह्यूफाइंडर बसवायचा. म्हणजे एका खिडकीतून फोकस करायचा, डोळा काढायचा, वरच्या भोकाला लावायचा, चौकट बघायची. तेवढ्यात समोरचा माणूस चहा पिऊन घरी गेलेला असतो. आणि ती खाच एकच असल्यामुळे फ्लॅश लावायचा प्रश्नच मिटतो. या चिमुकल्या डब्यालाही पैसे पडले. त्याची चौकशी झाली तेव्हा मी "लेन्ससोबतच आला" म्हणालो. हेही खरंच होतं. एकाच खोक्यात आला होता.

(डिजिटल रेंजफाइंडरची सुरुवात जर्मनांनी केलीच नाही. २००४ साली एपसन या जपानी कंपनीने पहिला काढला. त्यात फिल्म नव्हती, तरी प्रत्येक फोटोआधी हाताने खटका ओढावा लागायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. डिजिटलच्या जमान्यातही माणसाला कष्ट देणारे लोक आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळतं.)

लेन्स घेण्याचं कारण मात्र उदात्त होतं. वेरूळचं कैलास. सोळा नंबरचं लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कारागिरांनी डोंगराला वरून भिडून खालपर्यंत अख्खं मंदिर कोरून काढलं. बांधलं नाही, नको तेवढा डोंगर काढून टाकला. त्या चौकात उभं राहिलं की तीन बाजूंनी कातळ आणि मधे मंदिर. मागे सरकायला जागा नाही. माझ्या जुन्या पन्नासच्या लेन्समध्ये एका वेळी फार तर एक हत्ती यायचा, तोही सोंड तुटलेला. तेव्हा २१ ची लेन्स, ९२ अंशांचं दर्शन, अख्खं कैलास एका फोटोत, असा बेत होता.

सहकुटुंब वेरूळला गेलो. चौकात उभा राहिलो. वरच्या डब्यात बघितलं, अख्खं मंदिर! खटका दाबला, मागच्या पडद्यावर बघितलं, तर मंदिर चारी बाजूंनी कापलेलं. पुन्हा काढला. पुन्हा तेच. भाचा सोबत होता, इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाइलवर दोन मिनिटं खाटखूट केलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी फोटो टिपतो तो, लहान आहे. लेन्सच्या आकड्याला १.३३ ने गुणायचं."

सेन्सर लहान म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. सातबारावर जमीन पूर्ण असते. प्रत्यक्ष नांगर धरला की कळतं, शेजाऱ्याने चारी बाजूंनी बांध कोरलाय. लेन्स बिचारी पूर्ण रान दाखवत होती. सेन्सर तेवढं घेतच नव्हता. ९२ अंशांचे ७५ झाले. वर बसवलेला डबा मात्र सातबारा वाचल्यासारखा पूर्ण २१ चं रान दाखवत राहिला.

मी चिडून जोरात म्हणालो, "म्हणजे ही २१ ची लेन्स मला २८ ला पडली!"

कैलासच्या चौकात आवाज चांगलाच घुमतो. बायको नंदीमंडपापाशी होती.

"काय म्हणालात? अठ्ठावीसला पडली?"

"अगं, तसं नाही..."

"सात हजार लपवले ना माझ्यापासून?"

भाचा तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्या क्षणी माझ्यापुढे दोन रस्ते होते. मिलिमीटर म्हणजे काय ते समजावून सांगावं, म्हणजे मग "हजार नाहीत तर किती?" हा पुढचा प्रश्न आलाच, किंवा सात हजारांची चोरी कबूल करावी. मी मान खाली घातली. चाळीस क्विंटलच्या खुनात सात हजारांच्या पाकीटमारीची शिक्षा मिळत असेल तर कुठला आरोपी नाही म्हणेल? परतताना पैठणला गाडी वळली आणि सात हजारांचं प्रकरण अकरा हजारांच्या पैठणीवर मिटलं.

त्या दिवशीचा एक फोटो तरीही जमला असं मला वाटत होतं. कॅमेरा वर करून काढला होता; वाइड लेन्स वर केली की उभ्या रेघा वरच्या अंगाला एकमेकींकडे झुकतात. चौकातले दोन्ही ध्वजस्तंभ दारू प्यायल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात पडायला निघालेले. बायकोने फोटो बघितला. "बाराशे वर्षं सरळ उभे होते," ती म्हणाली. "तुम्ही गेलात अन् वाकले."

वाइड लेन्सचं एक शास्त्र आहे. लांबून काढलं तर समोरचा माणूस मुंगीएवढा होतो आणि फोटोत नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा येतात. म्हणून जवळ जावं लागतं. तिकडे परदेशात लोकांच्या जवळ जायला धाडस लागतं म्हणे. आमच्याकडे जवळ जायला काही लागत नाही, परत यायला लागतं. दीड मीटरवर गेलात की "पाव्हणं कुठलं?" सुरू होतं, एक मीटरवर चहा येतो, आणि सत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे जिथे माझ्या कॅमेऱ्याचा फोकस संपतो तिथे, तुमच्या आत्याच्या नणंदेचं सासर त्यांच्या गावचं निघतं.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत हे शास्त्र मी जनावरांवर वापरून बघितलं. खंडोबाची जत्रा, घोड्यांचा मोठा बाजार. एक पंचकल्याणी घोडा उभा होता, काय रुबाब! लेन्सवर कोरलेल्या खुणांनुसार लेन्सचं तोंड बारीक, म्हणजे एफ ८ ठेवून रिंग दोन मीटरवर लावली की एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकसची कटकटच नाही. तसं लावून मी घोड्याच्या तोंडासमोर गेलो. खटका दाबला. मालक मिशीला ताव देत मागून आला. "दावा की सायेब."

दाखवला. नाकपुड्या रांजणाएवढ्या, डोळे कडेला सरकलेले, आणि मागचं धड कुठेतरी लांब, चार काड्यांवर. पुढून हत्ती, मागून शेळी.

मालक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, माझ्या घोड्यानं तुमचं काय वाईट केलतं?"

नेमकं एक गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. त्यानेही मान लांब करून पडदा बघितला आणि, "घोडा मागून बारीक दिसायलाय की राव," म्हणत पुढच्या दावणीकडे चालू लागला. मी लेन्सचा दोष समजावून सांगायला लागलो. मालकाने चाबूक या हातातून त्या हातात घेतला. माझं व्याख्यान संपलं.

तरी पुतणीच्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी मी अंगावर घेतलीच. म्हणजे रीतसर फोटोग्राफर होता, ड्रोनवालाही होता; मी 'घरचा' फोटोग्राफर. घरच्या फोटोग्राफरला पैसे मिळत नाहीत, पण ओरडा पहिल्यांदा त्यालाच बसतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी अगदी मोक्याची जागा धरली. खिडकीतून फोकस, वरच्या भोकातून चौकट, अक्षता उडाल्या, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. धडाधड अठरा फोटो. मग पडद्यावर बघतो तर अमावस्या. अठराच्या अठरा काळे. लेन्सचं झाकण लेन्सवरच होतं. साध्या कॅमेऱ्यात झाकण असलं की डोळ्यासमोर अंधार होतो आणि गाढवालाही कळतं. इथे खिडकी वेगळी, भोक वेगळं. तिथून नवरदेव लख्ख दिसत होता, मुंडावळ्यांसकट.

भाचा शेजारीच उभा होता.

"तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं ना मामा. पण मला वाटलं, जर्मन कॅमेऱ्याचं असंच असंल."

झाकण काढून पुढचे फोटो घेतले. बाहेरचा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर बसतो, त्यामुळे जवळून काढलं की वरचा भाग कापला जातो. एकेका फेट्याचा तुरा गेला. काहींचा फेटाच गेला. घरच्यांचा ग्रुप फोटो घेतला, तर कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई आडव्या ताणल्या गेल्या. वाइडमध्ये कडेचा माणूस फुगतोच, हा भूमितीचा नियम आहे. पण आत्याबाईंपुढे भूमिती मांडायची कुणी? त्या अजून माझ्याकडे जेवायला आलेल्या नाहीत.

हे सगळं चाललं असतं. खरा घोळ रंगाचा झाला. रिसेप्शनला नवरदेवाने काळा सूट घातला होता. फोटोत तो वांग्याच्या रंगाचा आला. माझा मेहुणा अंबाजोगाईला वकिली करतो. कोर्टातून थेट लग्नाला आला होता, अंगात काळा टेरिकॉटचा कोट. तोही वांगी. "दाजी," तो फोटो बघून म्हणाला, "हा फोटो बाहेर गेला तर सनद जाईल माझी."

दोष सेन्सरवरच्या काचेचा. या कॅमेऱ्यांत लेन्स सेन्सरच्या अगदी उरावर बसते, कडेचे किरण फार तिरपे येतात, म्हणून वरची काच पातळ ठेवावी लागते. पातळ काचेतून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण आत घुसतात, आणि काळं कृत्रिम कापड नेमके तेच भरपूर परत फेकतं. म्हणून काळ्याचं जांभळं. उपाय आहे: लेन्सवर फिल्टर लावायचा. लावला. कोट काळा झाला. पण वाइड लेन्सवर कडेचा प्रकाश फिल्टरमधून तिरपा जातो आणि तिथला लाल रंग जास्त कापला जातो. त्यामुळे मधोमध नवरदेव ठीक, आणि चारी कोपऱ्यांतले पाहुणे निळसर हिरवे, विहिरीतून काढल्यासारखे.

यालाही उपाय आहे. लेन्सच्या मागच्या कडीवर सहा ठिपक्यांची काळी-पांढरी खूण असली की कॅमेरा लेन्स ओळखतो आणि कोपरे स्वतःच दुरुस्त करतो. माझ्या जुन्या लेन्सवर खूण नव्हती. म्हणून मी स्टेशनरीच्या दुकानातून काळा मार्कर आणला आणि चाळीस क्विंटलच्या वस्तूवर, मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावावी तसे, स्वतःच्या हाताने ठिपके काढले. कॅमेऱ्याने ओळखलं! मला रडू यायचं बाकी होतं. चार वेळा लेन्स काढ-घाल केली की शाई पुसते आणि कॅमेरा ओळख विसरतो. रेशनच्या दुकानात आजीचा अंगठा लागत नाही, तसं. मग पुन्हा मार्कर.

परवा रविवारी मेहुणा आला होता. ओट्यावर पोह्यांची फोडणी चालू होती आणि मी खिडकीत बसून ठिपके गिरवत होतो. तो बराच वेळ बघत राहिला.

"दाजी, हे किती दिवस करणार? फुल फ्रेमचा, म्हणजे पूर्ण सेन्सरचा कॅमेरा घ्या. त्यावर २१ ची लेन्स २१ लाच पडते."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

"काय म्हणालास रे? एकवीसलाच पडते?"

"हो ताई, एकवीसलाच."

बायको झारा हातात घेऊनच दारात आली.

"मग घ्या की हो तो. सात हजार वाचतील."

मी वकिलाकडे बघितलं. वकील पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता.