‘जुनी फेरारी फुकटात पडते’ म्हणणाऱ्यांसाठी

गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक हिशेब फिरतोय. नव्वदच्या दशकातली फेरारी एफ३५५ घ्या, दहा वर्षं हौसेने चालवा आणि घेतली त्यापेक्षा जास्त भावाला विका. सर्व्हिसिंगचा खर्च वाढलेल्या किमतीतून निघतो, म्हणजे गाडी फुकटात पडली! शिवाय पुरवण्या आहेतच: मोठी सर्व्हिस ही डीलरची लूट, गाडी कमी चालवली की खर्चही कमी, आणि पुरावा म्हणून ‘मिस्टर बीन’ची, ठोकून दुरुस्त केल्यावरही महाग विकली गेलेली मॅक्लारेन. हिशेब अमेरिकेतला आहे, म्हणून उत्तरही डॉलरमध्येच देतो. आपल्याकडे १९९५ची जुनी गाडी आयातच करता येत नाही, तो विषय वेगळा.

आधी लूट. मोठी सर्व्हिस म्हणजे मुख्यतः टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, बदलणं. ३५५चं व्ही-८ इंजिन सीटच्या मागे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे आणि टायमिंग बेल्टची बाजू केबिनच्या भिंतीकडे. तिथे हात जात नाही, पान्हा तर दूरच. म्हणून कूलंट आणि ऑइल काढायचं, होज, वायरिंग, ब्रेकच्या लाइनी सोडवायच्या, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असा सगळा गाडा सबफ्रेमसकट (खालच्या सांगाड्यासकट) खाली ठेवून वरची बॉडी लिफ्टने उचलायची. हे करायला कित्येक दिवसांची मजुरी लागते. बेल्टची जोडी काहीशे डॉलरची, बिल साधारण दहा हजारांचं. त्यात एवढं उघडलंच आहे तर टेन्शनरचे बेअरिंग, कॅमचे सील, वॉटर पंप, क्लच हेही बघून घेऊ, असं मेकॅनिक म्हणतो. तो लबाड नसतो. पुढच्या वर्षी सील गळला तर तीच मजुरी परत द्यावी लागेल, हे त्याला माहीत असतं.

आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. या इंजिनात व्हॉल्व्ह चाळीस आहेत.

डीलरऐवजी स्वतंत्र गॅरेजमध्ये काम स्वस्तात होतं, हे मान्य. पण इंजिन उतरवण्याची गरज ही डिझाइनची देणगी आहे. फेरारीलाही ते उमगलं असावं. पुढच्या ३६० मोडेनात सीटमागचं झाकण काढून बेल्ट बदलता येतो. (शूमाकरच्या हातून सचिनला मिळाली आणि जिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर वाद झाला, ती हीच ३६०.) त्यानंतरच्या एफ४३०मध्ये तर बेल्ट जाऊन चेनच आली.

आता मुख्य मुद्दा, ‘वाढलेल्या किमतीतून खर्च निघतो’. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ३५५ पन्नास-साठ हजार डॉलरला मिळायची आणि आज चांगली मॅन्युअल गाडी लाखाच्या वर जाते, हे खरं आहे. पण लाखाच्या वर कोणती गाडी जाते, ते बघा. जिची प्रत्येक पावती फाइलला आहे, बेल्ट वेळेवर बदललेत, सुरुवातीच्या गाड्यांचे झिजणारे ब्राँझचे व्हॉल्व्ह गाइड बदलून झालेत, तडकणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवे आहेत, ती. म्हणजे लिलावात दिसणाऱ्या भावात तुमचं बिल आधीच धरलेलं असतं. बिल भरलं म्हणून किंमत वर चढत नाही, नाही भरलं तर मात्र घेणारा ते किमतीतून कापून घेतो, आणि कापताना सढळ हाताने कापतो.

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं आपण म्हणतो. इथे गोची अशी की मसाल्याचा दर कोंबडी बारा आण्यांची होती तेव्हाचा आहे. अमेरिकेत ही गाडी नवी असताना एक लाख वीस हजार डॉलरच्या आसपास होती. पुढे ती निम्म्याला आली, पण स्पेअर पार्ट आणि मजुरी निम्मी झाली नाही.

एक बेरीज करू. समजा, २०१२ला ५५ हजारांना घेतली आणि २०२२ला १ लाख १० हजारांना विकली. दोन मोठ्या सर्व्हिस म्हणजे २० हजार. मॅनिफोल्ड, क्लच, टायर, विमा, बंद गॅरेजचं भाडं यांना दहा वर्षांत आणखी २५ हजार धरा, आणि हे मी हात आखडूनच धरतोय. उरले दहा हजार. त्याच काळात अमेरिकेच्या शेअर बाजाराचा एसअँडपी ५०० निर्देशांक जवळपास तिप्पट झाला. गाडी हौसेसाठी घेतली असेल तर प्रश्नच नाही, हौसेला मोल नसतं. पण मग तिला गुंतवणूक म्हणू नका.

शिवाय भाव नेहमी वरच जातो असंही नाही. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी गेले आणि फेरारींचे भाव वेड्यासारखे चढले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच भाव कोसळले. भाव शिखरावर असताना फेरारीचीच टेस्टारोसा घेणारे पुढे वर्षानुवर्षं तोट्यात बसले, आणि त्या गाडीचंही बेल्टसाठी इंजिन उतरवावंच लागतं.

‘कमी चालवा’ हा सल्ला तर उलटा पडतो. रबर किलोमीटर मोजत नाही. बेल्ट, होज, सील, टायर उभ्या गाडीतही म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३०९ म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. २०१३मध्ये ‘फास्ट अँड फ्युरियस’चा नट पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात वेगाला दोष दिला गेला, पण टायरच्या वयाचीही नोंद झाली.

राहता राहिली मिस्टर बीनची मॅक्लारेन एफ१. रोवन अ‍ॅटकिन्सनने ती १९९७मध्ये घेतली, २०११मध्ये ठोकली, दुरुस्तीला नऊ लाख पौंडांवर खर्च आला, आणि २०१५मध्ये ती ८० लाखांना गेल्याच्या बातम्या आल्या. दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने भरले होते. आणि एफ१ जगात फक्त १०६ बनल्या, ३५५ अकरा हजारांवर. त्या बिलाचा दहावा हिस्सा, म्हणजे ९० हजार पौंड, ३५५च्या नावावर आला तर विमा कंपनी पान्हा उचलायच्या आधी बहुधा ‘टोटल लॉस’ लिहून मोकळी होईल.