बस म्हटलं की बसायचं

काल सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर एक अनोळखी आजोबा "बस!" म्हणाले आणि आमचा टिल्लू बसला. इथवर ठीक होतं. पण मीही बसले. धुळीत, नव्या ट्रॅक पँटीत, कुसळांवर. पळायला आलेली दोन पोरं हसत हसत पुढे गेली.

टिल्लू म्हणजे 34 किलोचा लॅब्रॅडॉर. नाव ठेवलं तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होता. काल त्याला मोर दिसला. पुढे मोर, मागे टिल्लू, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला फरफटत मी, अशी आमची वरात झुडपांतून निघाली होती. दगडावर कानटोपी घालून (एप्रिलात!) बसलेल्या आजोबांनी ती अडवली. मी अजून खालीच होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "किती वेळा सांगितलंत?"

"काय?"

"बस म्हणून. मी मोजत होतो. सात वेळा. त्यातलं दोनदा इंग्रजीत."

मी कपडे झटकत उठले. टिल्लू बसलेलाच. माझ्या घरात तो इतका सरळ कधी बसलेला नाही.

"आज्ञा एका शब्दाची असते," आजोबा म्हणाले. "'बस ना रे' ही विनवणी झाली. 'शहाणा ना तू' ही तर सरळसरळ खुशामत."

"तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"छे! मला आवडत नाहीत. सदतीस वर्षं गणित शिकवलं. आठवी ब."

आता आठवी 'ब'समोर कोण काय बोलणार? पण मीही पुण्याचीच. म्हटलं, हे सगळं शास्त्र आहे, रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने कुत्र्यांवर प्रयोग करूनच नोबेल मिळवलं.

"1904 साली मिळालं, ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. शिस्तीसाठी नव्हे." मग त्यांनी टिल्लूकडे पाहिलं. तो बसल्या जागी कुणाच्या तरी भेळेचा कागद खात होता. "तरी तुमच्या उपयोगाचं तेच दिसतंय."

मी कागद ओढून काढला आणि शेवटचं अस्त्र बाहेर काढलं. लॅब्रॅडॉर हावरट असतात त्याला कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली त्यांच्यात एक जनुकीय बदल शोधला. तो असला की खाण्याची ओढ जास्त असते. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये तो सापडतो.

"म्हणजे तिघांत नसतो. हा त्या तिघांतला नाही कशावरून? तपासणी केलीत?"

नव्हती केली.

"मग गृहीत कशाला धरता? आमचा धाकटा तीनदा नापास झाला, तेव्हा आमची ही असंच काहीतरी म्हणायची." एवढं बोलून ते टिल्लूला "छान" म्हणाले आणि काठी टेकत वेताळाच्या देवळाकडे निघून गेले. मला काही म्हणाले नाहीत. बसले मीसुद्धा होते, आणि तेही पहिल्याच आज्ञेला.

राग याचा येतो की म्हातारा बरोबर होता. आमचा ट्रेनर आठ रविवार पैसे घेऊन हेच सांगत होता. शब्द एकच, तोही एकदाच आणि घरात सगळ्यांचा तोच. कुत्र्याने ऐकलं की त्या क्षणी कौतुक. अंगावर उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, पाठ फिरवायची. मी ते लिहून फ्रिजवर लावलं. आमच्याकडे लेक "सिट" म्हणते, नवरा "बैठ" म्हणतो (कुत्र्याशी आणि रिक्षावाल्याशी हिंदीत बोलायचं, हे त्याने कुठून ठरवलं देव जाणे), आणि सासूबाई "बस हो राजा" म्हणतात. राजा बसतो कशाला?

जेवताना मागायला आला तर लक्ष द्यायचं नाही, असाही नियम आहे. ट्रेनरने बजावलं होतं की सवय सुटायच्या आधी तो नेहमीपेक्षा जास्त भुंकेल, तेवढं सोसा. बरोबर तेव्हाच, त्या जास्तीच्या भुंकण्याला, टेबलाखालून पोळीचा तुकडा जातो. मग तो शिकतो काय, तर अजून जोरात भुंकायचं. रोज मिळाला नाही, अधूनमधून मिळाला, तर सवय उलट घट्ट होते. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्यासारखी.

गेल्या सत्यनारायणाला तो तुकडा शिऱ्याचा होता, बेदाण्यांसकट. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे फ्रिजवर लाल अक्षरांत आहे. तसाच डॉक्टरांकडे नेला, त्यांनी त्याला उलटी करवली, मग रात्रभर मी त्याच्याजवळ बसून. सकाळी आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "प्रसादाने कुणाला काही होत नसतं." नवऱ्याने पेपर उलटला.

कुत्रा हवा होता लेकीला. ती आता बारावीत आहे, म्हणजे तिला काही सांगायचं नाही. नवऱ्याचे गुडघे दुखतात, ते फक्त सकाळी सहाला. लिफ्टमध्ये पाळीव प्राण्यांना मज्जाव अशी पाटी आहे, म्हणून चार मजले जिन्याने मीच. तशी बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलंय. ती सूचना छापून नेली, तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, सूचनाच आहे ना?" शीची पिशवी हातात घेऊन परतताना भेटणारे सगळे विचारतात, "काय, टिल्लू कसा आहे?" टिल्लू मजेत आहे.

संध्याकाळी मी ठरवून केलं. हॉलच्या मधोमध उभी राहिले, आठवी ब डोळ्यांसमोर आणली आणि पोटातून, एकदाच म्हणाले, "बस!"

नवरा सोफ्यावरून दचकला. टिल्लूने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून स्वयंपाकघराकडे.

"बसेल गं," आतून आवाज आला, "आधी त्याला पोळी तरी दे."