राष्ट्रपतींची गादी परस्पर कशी वाटावी

प्रजासत्ताक दिनाला आमच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा होती. प्रश्न आला: राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघेही नसतील तर काम कोण पाहतं? मी म्हटलं, सरन्यायाधीश. सूत्रसंचालकांनी लॅमिनेट केलेला कागद डोळ्यांजवळ नेला, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "चूक! लोकसभा अध्यक्ष!" टाळ्या पडल्या. स्टीलचा डबा बी विंगला गेला.

तेव्हापासून मीही असंच सुखात जगायचं ठरवलंय. तुम्हीही जगा. त्यासाठी पहिलं पथ्य म्हणजे राज्यघटना उघडायची नाही.

नियम बिनधास्त अमेरिकेचे लावा. तिथे उपाध्यक्षांनंतर प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांचा नंबर लागतो, म्हणजे आपल्याकडेही लागणारच. तिथे अध्यक्ष वारले तर उपाध्यक्ष उरलेली मुदत पुरी करतात, तेव्हा आपल्या उपराष्ट्रपतींनाही बसवून टाका. आपल्याकडे ते फक्त हंगामी असतात, सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षं मिळतात, असं कुणी बोललाच तर त्याला 'फार शहाणा' म्हणा. वर "पंचविसावी घटनादुरुस्ती लावा" असंही ठोकून द्या. अमेरिकेची पंचविसावी अध्यक्षांच्या अक्षमतेबद्दल आहे. आपली, १९७१ ची, सरकारने जमीन घेतली तर 'भरपाई' म्हणायचं की नुसती 'रक्कम', याबद्दल. असू दे, नंबर तर जुळला!

फारच घाई असेल तर पंतप्रधानांनाच राष्ट्रपती करून मोकळे व्हा.

आणि १९६९ साल तेवढं विसरा. ३ मे रोजी झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण त्यांना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ठेवला होता: अशा वेळी सरन्यायाधीश, तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. त्याप्रमाणे सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपती भवनाचा कारभार बघत होते. खरोखर बघत होते हो! पुढे १९८२ मध्ये झैलसिंग शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा उपराष्ट्रपती म्हणून पुन्हा हेच हिदायतुल्ला. एकच माणूस दोन वेगळ्या पदांवरून दोनदा तिथे पोचला, लोकसभा अध्यक्ष एकदाही नाही. पण कागद लॅमिनेट केलेला होता ना!

पुढची सूचना... जाऊ द्या, नाही जमत मला हे सोंग.

अहो, भांडायचंच तर भांडण्यासारखी जागा घटनेत आहे. राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपती काम पाहतील, असं कलम ६५ म्हणतं. पण ते काम करण्यापलीकडे आजारी आहेत, हे ठरवायचं कुणी? ते शुद्धीवरच नसतील तर? घटना काही सांगत नाही. महाभियोग घटनाभंगासाठी असतो, आजारपणासाठी नाही. एवढं भगदाड पडलेलं असताना तुम्ही खोट्या उत्तराला टाळ्या कसल्या पिटता? सत्तर-ऐंशी माणसं होतात, पदवीधर, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि एकालाही वाटलं नाही की जरा बघून घ्यावं? कलम ६५ मध्ये तीन पोटकलमं आहेत, तीन! पुढच्या वर्षी प्रश्न काढणाऱ्याने आधी ती वाचायची, मगच माइकला हात लावायचा.