लेकीचे दहा मणी

गेल्या जुलैत आम्ही तीन आठवडे वसईला घरी होतो. बाहेर पावसाने झोडपून काढलेलं, दोन दिवसांतून एकदा लाइट जायची. तरी रात्रीचे आठ वाजले की आमच्या घरी रोझरी सुरू व्हायची. टीव्ही बंद, मोबाइल लांब, आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मेणबत्ती, आजी तिच्या खुर्चीत आणि बाकीचे जमेल तसे खाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरी म्हणजे आम्हा कॅथलिकांची जपमाळेची प्रार्थना. तीत दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे असतात आणि प्रत्येक मण्याला एक 'नमो मरिये', म्हणजे मरियामातेची प्रार्थना. पण ती प्रार्थना घरात कुणी एकट्याने पुरी म्हणत नाही. सुरुवात करणारा 'येशू' या नावापर्यंत म्हणतो आणि थांबतो. उरलेली अर्धी बाकी सगळे मिळून म्हणतात. मग पुढचा मणी. दहा मणी झाले की पुढच्या माणसाची पाळी.

त्या रात्री तिसरी पाळी माझ्या लेकीची आली. ती नऊ वर्षांची आहे, जन्म कतारमधल्या दोह्याचा, जिथे आम्ही राहतो. तिने सुरुवात केली, इंग्रजीत. तिथल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली तशी, न चुकता, भराभर. 'जीझस' म्हणून थांबली. खोलीत कुणीच काही बोलेना. आईने माझ्याकडे पाहिलं, मी मेणबत्तीकडे पाहिलं.

आजी 86 वर्षांची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण 'जीझस' हे नाव तिने ओळखलं. एवढंच नाव तिला कळलं आणि तेवढ्यावरून इथे आपली बाजू सुरू होते हे तिने हेरलं. तिने मराठीतला आपला अर्धा भाग म्हटला. लेकीने पुन्हा इंग्रजीत सुरुवात केली, आजीने पुन्हा मराठीत पुरी केली. दहाच्या दहा मणी असे झाले.

कुणी लेकीला बोललं नाही. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते तेव्हा आजी मागे येऊन उभी राहिली आणि तिने फक्त एवढं विचारलं, "तिकडं तुम्ही कुणाबरोबर म्हणता?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं उत्तर असं होतं की आम्ही म्हणतच नाही. नवऱ्याची शिफ्ट, माझी लॅबमधली ड्युटी, लेकीचा अभ्यास. मी कधीतरी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणते, दोन्ही अर्धे मीच.

दोह्यात अकरा वर्षं झाली. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, रविवार कामाचा. त्यामुळे आमची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, शुक्रवारी. लेक लहान होती तेव्हा तिला वाटायचं, देवाचा वार शुक्रवारच. गावी आल्यावर आजोबा रविवारी सकाळी तिला उठवायला लागले तर म्हणाली, "आज पुन्हा?" नाताळला इथे सरकारी सुट्टी नसते. गेल्या अकरांपैकी चार नाताळ मी ड्युटीवर काढले आहेत. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी यायचं, तीन तास झोपायचं आणि सहाला बस पकडायची.

आमचं चर्च शहराबाहेर, सगळ्या पंथांच्या चर्चना दिलेल्या एका मोठ्या आवारात आहे. 2008 साली ते उघडलं, कतारमधलं पहिलं चर्च. जागा इथल्या अमीरांनी दिली. आत हजारो माणसं मावतात. केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे, श्रीलंकेचे लोक आपापल्या भाषेत मिस्सा करतात. आत शिरल्यावर घरी आल्यासारखं वाटतं. बाहेरून मात्र इमारतीवर क्रूस नाही आणि घंटा नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या देशाने मला काम दिलं त्याने मला प्रार्थनेची जागाही दिली, याची मला मनापासून जाणीव आहे. 2025 मध्ये रमजान आणि आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळजवळ एकत्रच आला होता. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून मी लॅबमध्ये गेले तेव्हा माझ्या इजिप्शियन मैत्रिणीने विचारलं, "तुमचाही सुरू झाला?" त्या महिन्यात आम्ही दोघींनीही दुपारी काही खाल्लं नाही. इतकी सोबत मला गावाबाहेर क्वचितच मिळाली आहे.

पण ती नसलेली घंटा मला जाणवते. गावी पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी घंटा वाजते. लहानपणी संध्याकाळची घंटा झाली की आम्ही खेळ टाकून घरी पळायचो. पानवेलींना पाणी घालणारा माणूससुद्धा क्षणभर थांबून कपाळाला हात लावायचा. मला वाटायचं, मी श्रद्धाळू आहे. आता कळतं की त्यातलं माझं स्वतःचं फार थोडं होतं. घंटा कुणीतरी दुसरं वाजवत होतं, गुडघ्यांवर आजी बसवत होती, 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्त्या लावायला बाबा हाताला धरून नेत होते. मी त्या सगळ्याच्या मधोमध नुसती उभी होते. दूर आल्यावर ते सगळं एका दिवसात बाजूला झालं आणि माझ्याकडे किती उरलंय ते दिसलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते, म्हणजे भाषेकडे.

इथल्या मराठी कार्यक्रमांत मला नेहमी विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण मला ते दर वेळी लागतं. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई 1534 मध्ये गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले. आमचे पूर्वज वसईचेच होते, ते तिथेच राहिले, केळी आणि पानवेली लावत, घरात कादोडी ही आमची बोली बोलत. कादोडी आम्हाला बोलायला आणि मराठी प्रार्थनेला. माझ्या घरात देवाशी जे काही बोलणं झालं, ते मराठीतच झालं.

आणि ते बोलणं मी माझ्या लेकीपर्यंत पोचवलं नाही. इंग्रजी सोयीची होती. वर्गात तीच शिकवत होते, शाळेतही तीच. मी म्हणाले, प्रार्थना शिकतेय ना, मग झालं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे आणि त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, देवाला सगळ्या भाषा कळतात. शिवाय तुझ्या आजीच्या लहानपणी तरी मिस्सा मराठीत कुठे होती? लॅटिनमध्येच होती ना? हे अगदी खरं. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आजीचं लग्न लॅटिन मिस्सेत लागलं. त्या लॅटिनमधली काही उत्तरं तिला अजून पाठ आहेत, अर्थ मात्र तेव्हाही कळत नव्हता. मराठी मिस्सा पहिल्यांदा ऐकली तेव्हा फादर आपल्याशीच बोलताहेत असं वाटून तिला रडू आलं होतं, असं ती सांगते.

म्हणूनच मला नवऱ्याचं म्हणणं अर्धंच पटतं. देवाला इंग्रजी कळते, आजीला कळत नाही. देवाला माझ्या लेकीची अडचण नाही. अडचण आहे ती आल्तारापाशी बसलेल्या माणसांची, ज्यांना तिच्या प्रार्थनेचा दुसरा अर्धा भाग म्हणायचा आहे आणि तो कुठे सुरू होतो तेच कळत नाही. लांब राहणाऱ्या आईबापांनी मुलांना मराठी शिकवावी ती वारसा वगैरे मोठ्या शब्दांसाठी नाही, या एवढ्याशा कामासाठी शिकवावी असं मला वाटतं. तुम्ही हरिपाठ म्हणत असाल, आरती म्हणत असाल, तरी तुमच्या घरीही हेच असणार.

ऑगस्टपासून आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर रोझरीला बसतो. गावी आठ, इथे साडेपाच. नवरा शिफ्टवर नसेल तर तोही बसतो. मी लेकीला प्रार्थना देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. इंग्रजी अक्षरांत लिहून मागत होती, मी नाही दिल्या. पहिले पंधरा दिवस ती रडकुंडीला यायची, 'धन्य' आणि 'मध्ये' यांत अडकायची. माझाही आवाज चढायचा आणि मग प्रार्थनेच्या वेळी ओरडले म्हणून रात्री झोप लागायची नाही.

कॉलमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. लेक 'येशू' म्हणून थांबते, दोन सेकंद नुसती शांतता, आणि मग तिकडून आजीचा आवाज येतो. सुरुवातीला लेकीला वाटायचं कॉल तुटला, ती घाईने पुढचा मणी धरायची आणि दोघींच्या प्रार्थना एकमेकींवर आदळायच्या. आता ती थांबते. मणी बोटांत धरून स्क्रीनकडे पाहत थांबते, आजीचे ओठ हलायला लागेपर्यंत.