‘जितकं लहान तितकं बरं’: मुलांना शिकारीला नेण्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

शिकार करणाऱ्या कुटुंबांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला शिकारीला न्या, जितकं लहान तितकं बरं. मोकळ्या रानात बंदुकीच्या आवाजाने काही होत नाही. रानातलं मांस दुकानातल्यापेक्षा शुद्ध असतं. लहानपणापासून बंदूक पाहिलेलं मूल तिच्याशी कधी खेळत नाही. रक्त पाहून मूल धीट होतं. आणि शेवटी, माणूस आदिकाळापासून पोराबाळांना घेऊनच शिकार करत आला आहे.

शिकार जिथे कायदेशीर आहे तिथे ती करावी की करू नये, हा वाद मी इथे घालत नाही. जी घरं शिकार करतात त्यांच्याशीच मला बोलायचं आहे. मुलांना रान जरूर दाखवा, पण गोळी सुटते तिथे इतकं लहान मूल नेऊ नका.

आधी आवाजाचं पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मोकळ्यावर विरतो तो घुमणारा आवाज. कानाला इजा करतो तो गोळी सुटताक्षणीचा दणका, आणि तो नळीच्या टोकापासून थेट कानावर येतो. शिकारीच्या रायफलीचा दणका १६० डेसिबलच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली. दर २० डेसिबलला आवाजाचा दाब दहापट होतो. म्हणजे बापाच्या बाजूला बसलेल्या मुलाच्या कानावर त्याच्या मर्यादेच्या शंभरपट दाब येतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

‘आम्ही मुलाला इअरमफ, म्हणजे कान झाकणारे कप, लावतो’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. नीट बसलेला मफ साधारण २० ते ३० डेसिबल कमी करतो. १६० मधून ३० वजा करा, मुलाची मर्यादा तरीही ओलांडलेलीच आहे. शिवाय तो नीट बसतो किती वेळ? लपणात बसून तास उलटलेला असतो. मफखाली टोपीची कड आलेली असते, कानामागे खाज सुटलेली असते. मुलाला काहीतरी दिसतं, ते ‘बाबा, ते बघा’ म्हणून कुजबुजतं आणि बाबांचं उत्तर ऐकू यावं म्हणून एका कानावरचा मफ उचलतं. सावज समोर येतं ते नेमकं याच वेळी. काही रायफलींच्या नळीला झटका कमी करणारा ब्रेक लावलेला असतो. तो गरम वायू बाजूला आणि मागे फेकतो. त्यामुळे बाजूला असलेल्याच्या कानावर चाप ओढणाऱ्यापेक्षाही जास्त मार बसू शकतो. आणि लपणात बाजूला मूलच बसलेलं असतं.

आता मांस. शिशाची गोळी हाडामांसात घुसताना फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून दीड वीत अंतरापर्यंत पसरलेले सापडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत. धुतल्याने सगळे निघत नाहीत, उलट पसरतात. २००८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं, तेव्हा अन्नछत्रांना तो खिमा फेकून द्यायला सांगण्यात आलं. पुढे तिथल्या आरोग्य विभागाने सांगितलं की शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मांस गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी मुळीच खाऊ नये. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं आणि ते थेट मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही.

यावर मार्ग आहे: तांब्याच्या गोळ्या वापरा. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले. कॅलिफोर्नियात २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. पण गोळी बदलली तरी काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात बहुतेक वेळा शिसं असतंच. मुलांना रिकामी काडतुसं वेचायला फार आवडतात, आणि त्याच हाताने ती खाऊ खातात.

बंदूक ओळखीची झाली की मूल तिला हात लावत नाही, हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. २००१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना छोट्या गटांत एका खोलीत सोडलं होतं. तिथल्या खणात निकामी केलेलं खरं पिस्तूल ठेवलं होतं. ते ज्यांना सापडलं त्यांतल्या बहुतेक गटांनी ते हाताळलं, काहींनी चापही ओढला. हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीच्या सुरक्षिततेचं काही ना काही शिक्षण आधी मिळालेलं होतं. नियम तोंडपाठ असणं वेगळं आणि समोर बंदूक असताना हात आवरणं वेगळं. ही मुलं तर ८ ते १२ वर्षांची होती, मजकूर चार-पाच वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो आहे.

धीटपणाचं म्हणाल तर मरण परत फिरत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कुठे उमजतं. त्याआधी मूल शांत राहिलं याचा अर्थ ते धीट झालं असा लावू नका. पोटात गोळी बसलेलं हरीण जागेवर पडत नाही. अंधार पडत असताना रक्ताचा माग काढत जावं लागतं, पुन्हा गोळी घालावी लागते. त्या वेळी दमलेलं, गारठलेलं मूल कोण सांभाळणार? हातात भरलेली रायफल असताना ते जमत नाही.

राहिला आदिकाळ. टांझानियातल्या हादझा लोकांत मुलग्यांना छोटी धनुष्यं अगदी लवकर मिळतात हे खरं आहे. पण ती मुलं वस्तीच्या आसपास पाखरं आणि बारीक प्राणी टिपतात, मोठ्या सावजामागे पुरुष बहुतेक वेळा एकटे जातात. मध्य आफ्रिकेतले आका लोक बायकामुलांसह रानात उतरतात, पण जाळी लावून. यांतल्या कोणत्याही पद्धतीत मुलाच्या कानाशी रायफल नसते.

बापाबरोबर रानात घालवलेला दिवस मुलाला आयुष्यभर पुरतो, यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. त्यासाठी बंदूक घरी ठेवून जा. हंगामाआधी ठसे, लीद, झाडावर शिंग घासल्याच्या खुणा दाखवा. वारा कुठून येतोय ते त्याला ओळखू द्या. मोठं झाल्यावर न्याल तेव्हा मूल आणि सोबतचा मोठा यांच्यात मिळून एकच बंदूक ठेवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हाच नियम होता. २०१७ मध्ये तो काढला आणि दहा वर्षांची किमान अटही काढली. कायद्याने सोडला तरी तुम्ही तो सोडू नका. आणि मूल नुसतं पाहायला आलं असेल, तर त्याच्याजवळ बसणारं माणूस बिनबंदुकीचंच हवं.